चार वाजताचं बीपी

भूतबित, चाहूलबिहूल... माझा यातल्या कशावर कधीच विश्वास नव्हता. नागपूरच्या एका मोठ्या हॉस्पिटलात अकरा वर्षं स्टाफ नर्स आहे मी. आम्हाला जिवंत माणसांकडे बघायला वेळ पुरत नाही, मेलेल्यांकडे कोण बघणार! पण मागच्या मे महिन्यात जे झालं ते कुणाला तरी सांगायलाच हवं, म्हणून लिहिते आहे.

पुरुषांचा सर्जरी वॉर्ड, दुपारची ड्युटी — दोन ते आठ. सेहेचाळीस पेशंट आणि आम्ही दोघी. अडीचला दुसरीला आयसीयूत बोलावलं, तिकडेही कुणी नव्हतं. उरले मी एकटी. बीपीचं एक मशीन बिघडलेलं, दुसरं शेजारच्या वॉर्डाने साडेतीनला मागून नेलेलं. सलाइन बदलता बदलता, इंजेक्शनं देता देता माझ्या नाकी नऊ आले.

सतरा नंबरच्या बेडवर खापा गावचे एक भाऊ होते, चाळिशीचे. ट्रॅक्टरवरून पडून पोटाला मार लागलेला. सध्या ऑपरेशन नको, पण दर तासाला बीपी बघा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. चारला निदान नाडी तरी बघावी म्हणून गेले, तर त्यांची बायको हळूच म्हणाली, "सिस्टर, आत्ताच डोळा लागला जी त्यायचा. दोन दिसापासून झोपले नाही. नका उठवू ना."

खोटं कशाला बोलू, मला बरंच वाटलं. एक पेशंट कमी! ती डबा आणायला खाली गेली, मी पुढे सरकले.

मग टेबलाशी बसून मी ते केलं, जे आमच्यातल्या कितीतरी जणी करतात आणि कुणीच कबूल करत नाही. चार वाजताचे आकडे मनानेच भरले. ११८/७६, १२४/८०... सगळे सारखे लिहायचे नाहीत, संशय येतो. सगळ्यांत शेवटी सतरा नंबरची फाइल उघडली — आणि हात थांबला. चार वाजताची ओळ आधीच भरलेली होती.

बीपी ८४/५०. नाडी १२८. अक्षर माझं. सहीही माझी.

देवाशपथ सांगते, मी ते लिहिलं नव्हतं. आधी स्वतःचाच राग आला, काहीतरी घोळ घातला आपण, आता खोडाखोड! पण मनाने भरताना असा धोक्याचा, भलता आकडा कोण लिहील? तेवढ्यात शेजारचा वॉर्डबॉय मशीन परत ठेवून गेला. ते उचललं आणि सतराकडे गेले.

भाऊ शांत झोपलेले दिसत होते. हात धरला तर गारठलेला, कपाळावर घाम. "भाऊ... ओ भाऊ!" डोळे उघडेनात. घाईघाईने पट्टा बांधला.

चौऱ्याऐंशी... पन्नास.

मी इतक्या जोरात ओरडले की डॉक्टर जिन्यावरून धावत आले. पोटात रक्तस्राव होत होता. लगेच ऑपरेशनला नेलं. भाऊ वाचले. डॉक्टर म्हणाले, "अर्धा तास अजून गेला असता तर संपलं होतं. पण सिस्टर, चारले पाहिलं, तर साडेचारले काहून सांगितलं?" मी पुढच्या बेडचं सलाइन बदलायला वळले.

इन्चार्ज सिस्टरना मात्र सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तूच घेतलं असशील वं बीपी, अन् विसरली. थकल्यावर होते असं." पण घेणार कशाने? चारला वॉर्डात मशीनच नव्हतं!

भाऊंना हॉस्पिटलातून सुट्टी मिळाली त्या दिवशी त्यांच्या बायकोने माझे दोन्ही हात धरले. "उठवू नका म्हनलं होतं मी, तरी तुमी पाह्यलंच. म्हून माहा माणूस घरी चालला." मला लाजेने मान वर करता येईना.

तो आकडा कुठून आला, मला आजही माहीत नाही. बाकीच्या पंचेचाळीस फायलींतले कुठून आले, ते मात्र पक्कं माहीत आहे.