अप्पांच्या तळहाताखाली

९ एप्रिल १९७६, सकाळी सहा वाजून दहा मिनिटे. ताप १०३.४, नाडी ९६. अप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, विषमज्वराचा तो पंधरावा दिवस होता. तक्ता मी आलेख कागदावर ठेवत असे. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि जे मोजता येते ते हाताबाहेर जात नाही, अशी माझी समजूत होती. डॉक्टरांनी दर सहा तासांनी एक कॅप्सूल सांगितली होती. त्या सकाळी डबीत दोन जास्त निघाल्या.

अव्वाने, माझ्या आईने, काही लपवले नाही. आदल्या दिवशी मी प्रात्यक्षिक परीक्षेला गेले होते. अप्पा ग्लानीत असल्याने गळ्यात बांधलेल्या इष्टलिंगाची रोजची पूजा राहिली होती, आणि पूजेआधी त्यांनी उभ्या आयुष्यात पाण्याचा थेंब घेतला नव्हता; म्हणून तिने त्या दोन कॅप्सूल दिल्याच नव्हत्या. मी तिला जंतू, मात्रा, औषधाचे रक्तातले प्रमाण, असे बरेच ऐकवले.

"ते तुला कळतं," ती म्हणाली. "त्यांचं मला कळतं की."

मी कॅप्सूल ओठांशी नेली, तर अप्पांनी दात घट्ट मिटले. नाक दाबून तोंड उघडावे, असेही क्षणभर मनात आले. अखेर त्यांच्या गळ्यातले लिंग सोडवून मी त्यांच्याच डाव्या तळहातावर ठेवले. हात इतका थरथरत होता की ते घसरू लागले. कॉलेजात गेल्यापासून माझी स्वतःची पूजा बंद होती. तरी मी माझा तळहात त्यांच्या हाताखाली धरला. अव्वाने पाणी घातले, विभूती लावली, बेलाचे पान ठेवले आणि पुटपुटली, "शिवा, नीने नोडिको." शिवा, तूच सांभाळ. मीही मनात तेच म्हटले. म्हणण्यासारखे दुसरे काही माझ्याकडे उरले नव्हते. अप्पांनी तोंड उघडले.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांचे अंग एकदम गार लागले. अव्वाचा चेहरा उजळला. मी घड्याळ आणायला धावले. या आजारात ताप असा कोसळणे बरे होण्याचे लक्षण असते, तसेच आतड्यात रक्तस्राव सुरू झाल्याचेही, हे मी वाचले होते. फरक नाडी सांगते. ती धावत असेल, तर आशा सोडावी.

मी मनगट धरले, घड्याळ समोर ठेवले, पण मोजण्याचे धाडस होईना.

"मोज," अव्वा म्हणाली. "बघणारा बघतोय. तू नुसतं मोज."

एक पूर्ण मिनिट मोजले. माझ्याच छातीतले ठोके मध्ये येत होते, म्हणून पुन्हा एकदा मोजले. मग पेन्सिल उचलली.

सायंकाळी पाच वाजून बारा मिनिटे. ताप ९७.८, नाडी ७४.