शेपटीचा ओरखडा

नागपूरहून बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आल्यावर आंजी गावच्या श्रावणने पहिलं काय केलं, तर मेलेली ढोरं ओढायचा दोर चुलीत घातला. आज्याने वळलेला, बापाने वापरलेला जाड दोर. जळता जळेना. बायको तानाबाई नाकाला पदर लावून बसली होती, पण 'पुरे' म्हणाली नाही.

पुढच्याच महिन्यात गावातले मोठे शेतकरी रूपराव यांचा बैल मेला. दोनदा बोलावणं आलं, श्रावण गेला नाही. त्या दिवसापासून गावात त्याला कोणी मजुरीला बोलावलं नाही. मग नवरा-बायको आर्वीच्या सडकेवर खडी फोडायला जाऊ लागले.

दोन वर्षांनी, अठ्ठावन्न सालच्या हिवाळ्यात, शाळेत सरकारी सिनेमा आला. श्रावणची लेक सुलोचना तेव्हा सातवीत होती.

"बाबा, कोट्यवधी वर्षांमागचे जनावरं दाखवून राह्यले. चित्रातले, पण चालते म्हणते. तुमीबी या."

श्रावण गेला. दाराशी बसला. खिडक्यांना घोंगड्या टांगून भरदुपारी अंधार केला होता. मशीन घरघरलं आणि भिंतीवरच्या पांढऱ्या चादरीवर चिंचेच्या झाडाहून उंच जनावर चालू लागलं. मान ताडासारखी, शेपूट दोन बैलगाड्यांएवढं लांब. मशीनवाले सदाशिवराव मराठीत समजावून सांगत होते. पोरं श्वास रोखून बघत होती. श्रावण मात्र त्या शेपटाकडेच बघत राहिला. जनावर ते चिखलातून फरफटत नेत होतं.

घोंगड्या निघाल्या. "कोणाला काही विचारायचंय?" सदाशिवरावांनी विचारलं. पोरांचं विचारून झालं, तसा श्रावण उभा राहिला.

"साहेब, एवढं जड शेपूट ते जनमभर भुईवर घासत नेत असन काय?"

"शास्त्रज्ञांनी हाडं जुळवून तसं सांगितलंय. त्यावरूनच चित्रं काढलीत."

पुढे खुर्चीवर बसलेले रूपराव मागे वळून हसले. "तुले काय समजते रे त्यातलं, श्रावण्या?"

श्रावणला खाली बसता आलं असतं. उत्तर द्यायचं तर जे चुलीत घातलं तेच चारचौघांत पुन्हा बाहेर काढावं लागणार होतं. आणि पुढच्या रांगेत सुलोचना बसली होती. तिच्या वेण्या त्याला दिसत होत्या.

"समजते जी," तो म्हणाला. "वीस वर्षं या गावचे ढोरं मीच ओढले. तुमच्या गोठ्यातलेबी. वजन भुईवरून ओढलं का मातीत चर पडते. नदीपर्यंत नेईस्तोवर शेपटाचं सालटं निघून हाड दिसे. आता नाई ओढत मी. पण पाह्यलं ते पाह्यलं."

सदाशिवरावांनी पेटीतून एक पुस्तिका काढली आणि त्याच्यापाशी येऊन उघडली. एके काळी चिखल असलेल्या परदेशातल्या दगडावर त्या जनावरांच्या पावलांचे खोल ठसे उमटलेले, त्यांचा फोटो होता. श्रावणने धोतराला हात पुसले आणि पुस्तिका घेतली. बराच वेळ पाहिलं.

"हे पुढचे पाय. हे मागचे. मंग शेपटीचा ओरखडा कुठं हाय?"

सदाशिवरावांनी पानं उलटली. दुसरा फोटो पाहिला, तिसरा पाहिला.

"मला माहीत नाही," ते सगळ्यांदेखत म्हणाले. "हे माझ्या कधी ध्यानातच आलं नाही." त्यांनी वही काढून प्रश्न लिहून घेतला, आणि खाली श्रावणचं बापाच्या नावासकट पूर्ण नाव.

घरी जाताना सुलोचना चार पावलं पुढे चालत होती. आपण लेकीला खाली पाहायला लावलं, असं श्रावणच्या मनाने घेतलं. अंगणाशी आल्यावर ती थांबली.

"हे शेपटाचं, चराचं तुमी मले कधी सांगतलं काऊन नाई?"

"सांगाची गोष्ट हाय का ते?"

"हाव," ती म्हणाली, आणि आत गेली.

उन्हाळ्यात पत्र आलं. डाकवाला ते द्यायला सडकेवर खडीच्या ढिगापर्यंत आला. श्रावणच्या नावाचं त्या घरात आलेलं ते पहिलंच पत्र. संध्याकाळी सुलोचनाने वाचलं. सदाशिवरावांनी नागपुरातल्या भूगर्भशास्त्राच्या एका प्राध्यापकांना विचारलं होतं. प्रश्न रास्त आहे, असं ते म्हणाले. बहुतेक ठशांजवळ शेपटीची खूण सापडत नाही. काहींच्या मते ही जनावरं पाण्यातून चालत, त्यामुळे शेपूट तरंगत असे. अजून पक्कं ठरलेलं नाही. सिनेमा बदलता येणार नाही, पण यापुढे दाखवताना हा प्रश्नही सांगेन, असं सदाशिवरावांनी लिहिलं होतं.

"मंग तुमचं खरं निघालं का खोटं?" तानाबाईने विचारलं.

"ठरलं नाई म्हणते." श्रावण खडीने सोललेल्या बोटांकडे बघत बसला. मग म्हणाला, "पाण्यात तरंगलं, तर अंगाचा भारबी पाण्यानंच घेतला असन. मंग पाय एवढे खोल कसे रुतले?"

सुलोचनाने पत्र पुन्हा उलगडलं.

"वही आण," श्रावण म्हणाला. "लिही साहेबाले."