जावयाला काहीच नको

माझ्या संसारात चीन देशाने एकदाच ढवळाढवळ केली. तेवढ्यानेच माझी बायको हातची जायची राहिली.

निजामाचं राज्य होतं. मी जालन्यात शाळामास्तर, लग्न नवं, आणि बायको पंचमीला माहेरी, तीर्थपुरीला गेलेली. लेक माहेरी गेली की सासरचं कोणीतरी तिला आणायला जातं; त्या जाणाऱ्याला आमच्याकडे 'मूळ' म्हणतात. या खेपेला मूळ म्हणून मीच यावं, असा सासऱ्यांचा निरोप होता. सासरे भारी हौशी. जावई वेशीत आला की वाजंत्री, फेटा, घोड्यावरून मिरवणूक! (मागच्या खेपेला घोड्याने मला अर्ध्या वाटेत उतरवलं. वाजंत्री तशीच पुढे गेली. कोणाच्या लक्षातही आलं नाही.)

नेमकं तेव्हाच आमच्या शाळेतल्या मुन्शीजींनी मला एक उर्दू चोपडं वाचायला दिलं. त्यात जुन्या चिनी ज्ञान्यांची शिकवण होती: ओढाताण करू नये, हव्यास सोडावा, पाणी उताराने खाली येतं तशी प्रत्येक गोष्ट आपसूक मुळाशी परत येते. मला घोडा आठवला आणि शिकवण तत्काळ पटली.

"मी न्हाई जाणार," मी आईला सांगितलं. "ती आपसूक येईल. सगळं मुळाशी परततं."

"अरे, मूळ गेल्याबिगर कोन परततं?" आई म्हणाली. "डोकं बराबर आहे ना तुझं?"

मी काहीच न करायला लागलो. ते भलतंच जड काम निघालं. भाकरी थापताना बायको स्वतःशीच भांडायची आणि हरायची. ते ऐकायची सवय लागली होती. आईची भाकरी मुकाट थापली जायची. कोनाड्यात बायकोची फणी होती. तिच्यात अडकलेला एक केस मी काढायला जायचो आणि तसाच ठेवून यायचो. संध्याकाळी पाय आपोआप मोटारअड्ड्याकडे वळायचे. (अड्ड्यावर उभं राहू नये, असं चिन्यांनी कुठे म्हटलेलं नव्हतं.)

"मास्टरसाब, किसकू लेने आये?" अंबडच्या मोटारीचा ड्रायव्हर विचारायचा.

"कोणालाच न्हाई!"

"रोज आते, किसीकू नै लेने?"

तिकडे तीर्थपुरीत निष्कर्ष निघाला की जावई रुसला. जावई रुसला म्हणजे त्याला काहीतरी पाहिजे! सासऱ्यांनी आपला गडी सखाराम धाडला.

"मालक इचारून राह्यलेत, जावईबापूला काय पायजे?"

"काही नको," मी चिनी शांतपणाने म्हणालो.

सखाराम परत गेला आणि भिंतीवरचं घड्याळ घेऊन आला.

"अरे, बिलकुल काही नको!"

त्यावर सायकल आली. हव्यास सोडला की सगळं मिळतं, ही शिकवण अक्षरशः खरी होत होती. एक बायको तेवढी मिळत नव्हती! पुढच्या खेपेला सखाराम रिकाम्या हाताने आला आणि उंबऱ्यात घुटमळला.

"ताईसाहेबांनी इचारलं व्हतं मला. म्हन्ल्या, घड्याळ नको, सायकल नको, मंग मी?"

"तू काय सांगितलंस?"

"तुमीच म्हन्ले व्हते ना. कायबी नको म्हून सांगितलं."

मी उठलो तो पायात वहाणा न घालताच. अंबडपर्यंत मोटार होती, सायकल टपावर टाकली. पुढे श्रावणातली काळी माती! थोडा वेळ मी सायकलीवर होतो. बाकी सगळी वाट सायकल माझ्यावर होती.

सासरे ओट्यावर गावातल्या चार मोठ्या माणसांत बसले होते. माझ्या खांद्यावरची सायकल पाहून त्यांचा चेहराच उतरला.

"परत आणली? ही बी पसंत न्हाई? मंग जावईबापू, तुम्हाला पायजे तरी काय?"

त्या काळी चारचौघांत बायकोचा विषय काढणंही चावटपणात जमा होतं.

"बायको!" मी ओरडलो.

दाराआड बांगड्या वाजल्या.

"त्यांना म्हणावं, आधी पाय धुवा," आतून आवाज आला. रडून बसलेला आवाज होता. इतका गोड आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता.

पण सासरे हौशी. पोळा झाल्याशिवाय लेक जाणार नाही, जावईही नाही, असं त्यांनी जाहीर केलं. ती माजघरात, मी बैठकीत, मध्ये एक भिंत. पहिल्याच जेवणाला सासूबाईंनी विचारलं, "अजून काय वाढू?"

"काही नको," तोंडून सवयीने निघून गेलं.

भिंतीपलीकडची हालचाल एकदम थांबली.

"वाढा!" मी किंचाळलो. "सगळं वाढा!"

पोळ्यापर्यंत त्या घरात मी कशालाही नको म्हटलं नाही. अखेर आमची गाडी निघाली. गाव मागे पडल्यावर ती हळूच माझ्या शेजारी सरकली आणि म्हणाली, "आता बोला की. किती दिस झाले."

इतक्या दिवसांचं साठलेलं सगळं गळ्याशी दाटून आलं. मी तोंड उघडलं, आणि बाहेर पडला तो पुरणपोळीचा ढेकर.