अठरा इंच म्हणजे पंचेचाळीस

श्रीराम खांबेटे अमेरिकेत आला तेव्हा त्याला या देशाची एकच गोष्ट खटकली. थंडी नाही, जेवण नाही, माणसे तर मुळीच नाहीत. खटकले ते फूट आणि इंच. चंद्रावर माणूस उतरवणारा देश अजून कुठल्याशा राजाच्या पावलाने जमीन मोजतो, हे त्याला पटेना. आणि तो होता रस्त्यांचा इंजिनिअर, त्यामुळे हे न पटणे रोज आठ तास त्याच्या टेबलावर पसरलेले असे.

याचे मूळ मिरजेच्या शाळेत होते. तो आठवीत असताना सरकारने शेर, मण, छटाक मोडीत काढले. औटकीचे पाढे ज्याने घोकले आहेत त्यालाच ही सुटका कळेल. सर म्हणाले, आजपासून सगळे दहाच्या पटीत. बाकीच्या देशाला स्वातंत्र्य सत्तेचाळीस साली मिळाले; श्रीरामला ते अकरा वर्षांनी मिळाले.

म्हणून पंचाहत्तर साली वॉशिंग्टनने मेट्रिकचा कायदा केला तेव्हा त्याने ऑफिसात मिठाई वाटली. सहकाऱ्यांनी मूल झाल्याबद्दल अभिनंदन केले. पुढे ब्याऐंशी साली त्या कामासाठी नेमलेले मंडळच सरकारने गुंडाळले, तेव्हा त्याने एक दिवस रजा टाकली. अटलांटाजवळच्या अल्फारेटातली मराठी पोरे त्याला मेट्रिक काका म्हणत, आणि त्याला ते आवडत असे.

ऑफिसात निरुपायाने तो कॅल्क्युलेटर काढून दोन पूर्णांक चोपन्न शतांशाने गुणाकार-भागाकार करी. घरात मात्र इंचाला प्रवेश नव्हता. पडदे, कपाटे, बायकोच्या, पद्मिनीच्या, ब्लाउजची उंची, सगळे सेंटिमीटरमध्ये. कोणी फुटात काही सांगितलेच, तर कंपासपेटीतल्या फूटपट्टीचा जुना हिशेब होता: फूट म्हणजे तीस, दीड फूट म्हणजे पंचेचाळीस. चौदा वर्षांत एकही पडदा आखूड पडला नव्हता.

त्याने अमेरिकन नागरिकत्व घेतले नव्हते ते या रागाने नव्हे. भारताचा निळा पासपोर्ट हातातून सुटेना, एवढेच. पण चौऱ्याऐंशीच्या पावसाळ्यात मिरजेला आई न्हाणीघरात पडली आणि तिथे दोन तास पडून राहिली. तिला इकडे आणायचे तर मुलगा नागरिक हवा. ग्रीन कार्डावर आई आणता येत नाही. श्रीरामने अर्ज भरला. मुलाखतीची तारीख मिळाली पुढच्या मे महिन्यातली. आईला कळवले. तिने उलट टपाली विचारले की तिकडे नऊवारी चालते का.

आणि मार्चमध्ये त्याच्या मित्राच्या, गिरीशच्या, घरी चोरी झाली.

रविवारी दुपारी महाराष्ट्र मंडळाचा पाडव्याचा कार्यक्रम होता. मंडळाची एक छापील डिरेक्टरी असे: नाव, पत्ता, फोन, आणि मागच्या पानावर वर्षभराच्या कार्यक्रमांच्या तारखा. कोणते घर कधी रिकामे असणार, याची इतकी शिस्तशीर माहिती त्या धंद्यात कोणाला कधी मिळाली नसेल. गिरीशच्या बायकोच्या पाटल्या, तोडे आणि मोहनमाळ गेली. पोलिसाने विचारले की तुम्ही लोक सोने मोज्यांच्या खणात का ठेवता. गिरीशची पीएच.डी. सिव्हिलमध्ये होती, या विषयात नव्हती.

पुढचा महिनाभर मराठी बेसमेंटांतून दुसरा विषय नव्हता. गिरीशने कुत्रा घेतला. तो चोराला चाटेल की चावेल यावर दोन तट पडले. पद्मिनीने सरळ सांगितले की सोने बँकेच्या लॉकरमध्ये टाकावे. पण पुरुष मंडळी संरक्षणाबद्दल बोलत होती, सोन्याबद्दल नाही, त्यामुळे ही सूचना कोणी मनावर घेतली नाही. मुलखाची हवाही तशीच होती. शेजारच्या काउंटीतल्या एका गावाने तर घरटी एक बंदूक असलीच पाहिजे, असा ठराव तीन वर्षांपूर्वीच केला होता. श्रीरामने एका शनिवारी दुकानात जाऊन शॉटगन आणली. एक फॉर्म आणि वीस मिनिटे. लायब्ररीचे कार्ड काढायला त्याला याहून जास्त वेळ लागला होता.

रविवारी सकाळी चहा झाल्यावर त्याने रिकाम्या बंदुकीने तालीम केली. चोर म्हणून हॉलमधला कोटांचा स्टँड नेमला. बेडरूममधून निघून बोळकांडीत वळायचे आणि चोरावर नेम धरायचा, असा बेत होता. पण बंदूक पुरुषभर लांब. पहिल्या वळणाला नळी दाराच्या चौकटीला अडली, दुसऱ्या प्रयत्नात दिव्याची काच फुटली, आणि तिसऱ्यांदा वळेपर्यंत कोणताही चोर पाटल्या घेऊन चहा पिऊन गेला असता.

"अहो, त्याला जरा थांबायला सांगा म्हणजे झालं," पद्मिनी स्वयंपाकघरातून म्हणाली.

तेरा वर्षांची वीणा सीरियलचा बाऊल घेऊन हे सगळे पाहत होती. कोटांच्या स्टँडमागच्या भिंतीकडे बोट दाखवून ती शांतपणे म्हणाली, "डॅड, दॅट्स माय रूम."

भिंत होती शीटरॉकची, म्हणजे दोन पुठ्ठ्यांमध्ये चुना. श्रीरामने बंदूक खाली ठेवली. पण त्याने त्यातून काढला तो निष्कर्ष इंजिनिअरचा होता: कोन बदलला पाहिजे, आणि कोन बदलायचा तर नळी आखूड पाहिजे.

शेजारी मिस्टर टेट राहत. निवृत्त सुतार, सत्तरीचे, हिवाळ्यात तितर मारायला जाणारे. श्रीरामला ते राम म्हणत, कारण त्याहून लांब नाव त्यांना तोंडात धरवत नसे. कुंपणापाशी उभे राहून त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि मग सावकाश समजावले. सिनेमात दिसते तसली वीतभर बंदूक काही कामाची नाही. ती हाताला हिसका देते, डोळ्यांपुढे जाळ करते, आणि खोलीच्या पलीकडचे कपाटसुद्धा चुकवते. लोकांना वाटते आखूड नळीतून छर्रे खोलीभर पसरतात; प्रत्यक्षात घरातल्या अंतरावर ते मुठीएवढेच पसरतात, तेव्हा नेम धरावा लागतोच. आणि भिंतीपलीकडे कोण झोपले आहे हे छर्‍र्यांना माहीत नसते. शिवाय कायदा आहे. चौतीस सालचा, गुंडांच्या काळातला. नळी अठरा इंचांहून कमी किंवा अख्खी बंदूक सव्वीसहून कमी असेल, तर आधी वॉशिंग्टनची परवानगी, बोटांचे ठसे, दोनशे डॉलर कर. आधी. कापून झाल्यावर नाही. नाहीतर दहा वर्षे.

"कशाची?" श्रीरामने विचारले.

"तुरुंगाची, राम."

टेटचा सल्ला होता की आहे तशीच राहू दे. कापायचीच असेल तर अठराच्या वर अर्धा इंच देवासाठी सोड. मोजायचे कसे तेही त्यांनी सांगितले: बंदूक रिकामी आहे ना पाहा, नळीचे मागचे तोंड बंद कर, पुढच्या तोंडातून काठी आत टेकेपर्यंत सोड, खूण कर, काठी मोज.

देवासाठी अर्धा इंच हे श्रीरामला अशास्त्रीय वाटले. ज्याला मोजता येते त्याने देवाला कशाला त्रास द्यायचा. त्याच्याकडे जर्मन पोलादी टेप होती, नुसत्या मिलिमीटरची, इंचाचा विटाळ नसलेली. अठरा इंच म्हणजे दीड फूट. दीड फूट म्हणजे पंचेचाळीस. ऑफिसात असता तर बोटे आपोआप कॅल्क्युलेटरकडे गेली असती. पण हे घर होते, रविवार होता, आणि इंजिनिअर पुढे येण्याआधीच आठवीतल्या मुलाने हात वर करून उत्तर दिले होते. श्रीरामने काठी तीनदा मोजली. नळी कापली, तोंड कानशीने घासले, पुन्हा मोजले. चारशे पन्नास मिलिमीटर. केसाचाही फरक नाही. आयुष्यात इतके नेमके काम त्याच्या हातून क्वचितच झाले होते.

एप्रिलच्या शेवटी टेट आपण दुरुस्त करून दिलेले टेबल नीट उभे आहे ना ते पाहायला आले, तेव्हा श्रीरामने गराजमध्ये नेऊन त्यांना बंदूक दाखवली. टेट नुसते पाहत राहिले. चाळीस वर्षे लाकूड मोजलेल्या माणसाचा डोळा. मग त्यांनी कमरेची पिवळी टेप काढून श्रीरामच्या हातात दिली आणि काठी पुन्हा आत सोडायला सांगितली. स्वतः बंदुकीला हात लावला नाही.

श्रीरामने खूण केली, काठी बाहेर काढली, पिवळी टेप लावली. पावणेअठरा. पावणेअठराही पुरते भरत नव्हते.

त्याने टेप उलटसुलट करून पाहिली. मग खिशातून कॅल्क्युलेटर काढला आणि अठराला दोन पूर्णांक चोपन्न शतांशाने गुणले. पंचेचाळीस पूर्णांक बहात्तर शतांश. सात मिलिमीटर आणि वर थोडे. फूटपट्टीवर तीस जिथे संपतात त्याच्या पुढे फूट अर्धा सेंटिमीटर चालत राहतो, हे त्याला माहीत होते. मिरजेच्या फूटपट्टीला ते माहीत नव्हते.

"आता कर भरून नोंदवता येईल का?" त्याने विचारले.

"नाही."

"उरलेला तुकडा जोडून?"

टेटने पिवळी टेप परत घेऊन कमरेला लावली. मग म्हणाले, "राम, आत्ता तुझ्या हातात बंदूक नाही. दहा वर्षं आहेत."

श्रीरामच्या डोळ्यांपुढे तुरुंग आला नाही. मिरजेचे न्हाणीघर आले. मुलाखत तीन आठवड्यांवर होती. गुन्हेगाराला नागरिकत्व देत नाहीत, आणि नागरिक नसलेल्याला आई देत नाहीत.

टेटने ती नळी घेऊन जायला साफ नकार दिला. असली चीज हातात धरून मी माझे अंगणसुद्धा ओलांडणार नाही, म्हणाले. तेव्हा श्रीरामनेच, तिथेच, त्याच करवतीने ती पुन्हा कापायला घेतली. आधी बंदुकीपासून सोडवली, मग व्हाइसच्या जबड्यात धरून तिचे चार तुकडे केले. टेट अख्खा वेळ दोन्ही हात खिशात घालून उभे होते. या वेळी श्रीरामने काही मोजले नाही. शेवटचा तुकडा पडल्यावर टेटने हात बाहेर काढले, नळीविना उरलेली बंदूक दुकानाच्या किमतीच्या अर्ध्यात विकत घेतली आणि बगलेत मारून घरी नेली. तिला आपल्याकडची जुनी लांब नळी लावून ते पुढे दहा हिवाळे तितरांवर गेले.

चोराचा प्रश्न उरलाच होता. तो पद्मिनीने सोमवारी लंच टाइममध्ये बँकेत जाऊन सोडवला.

श्रीरामचा प्रश्न मात्र सुटेना. मुलाखतीत एक प्रश्न शपथेवर विचारतात: ज्यासाठी तुम्हाला अटक झाली नाही असा गुन्हा तुम्ही कधी जाणूनबुजून केला आहे का? तो ते वाक्य जेवताना म्हणे, गाडी चालवताना म्हणे. सात मिलिमीटर खोटे बोलायचे की खरे, आणि खरे बोलले तर आईला काय लिहायचे.

"जाणूनबुजून असंच छापलंय ना?" पद्मिनीने विचारले.

"हो."

"तुम्ही कापलीत तेव्हा तुम्हाला काय वाटत होतं?"

"अठरा इंच आहे."

"मग झालं. तेवढंच सांगा. तुमचं अज्ञान पाहिजे तर मी लेखी देते."

"आणि मुलाखतवाल्यांनी पुढे विचारलं तर?"

"विचारलं तर सांगा सगळं. त्याहून काय करणार आहात?" मग म्हणाली, "आईंना मी लिहीन तसं झालं तर. तुम्ही लिहू नका. तुम्ही मिलिमीटरसकट लिहाल."

मे महिन्यात अटलांटातल्या सरकारी इमारतीत त्याला एका चष्मेवाल्या बाईसमोर बसवले. राज्ये किती, सिनेटर किती, हे त्याने घडाघडा सांगितले. मग तो प्रश्न आला. 

"जाणूनबुजून नाही," तो म्हणाला.

बाईने चष्म्यावरून पाहिले. "आणि नकळत?"

"एकदा. मापात चुकलो. कळल्यावर त्याच घटकेला मोडून टाकलं."

पुढचा प्रश्न येणार आणि आपण सांगणार, हे त्याचे ठरले होते. बाईने बहुधा त्याच्या धंद्याच्या रकान्याकडे पाहिले. तिथे रस्त्यांचा इंजिनिअर असे लिहिले होते. राज्यातल्या रस्त्यांविषयी तिचे स्वतःचे काही मत असावे. तिने खूण केली आणि पान उलटले.

"उंचीच्या जागी एकशे अडुसष्ट लिहिलंय. हे काय आहे?"

"सेंटिमीटर."

"फूट आणि इंचांत सांगा."

पूर्वीचा श्रीराम इथे पाच मिनिटे बोलला असता. आत्ता त्याने फक्त कॅल्क्युलेटर वापरू का म्हणून विचारले. दोनदा हिशेब केला. पाच फूट सहा इंच, आणि वर तीन पूर्णांक सहा दशांश मिलिमीटर.

"पाच-सहा," बाई म्हणाली आणि तेवढेच लिहिले.

वरच्या मिलिमीटरांसाठी रकाना नव्हता. नागरिकत्वाच्या सर्टिफिकेटवर, फोटोशेजारी, आजही तेच छापलेले आहे. सरकारदरबारी श्रीराम खांबेटे तीन पूर्णांक सहा दशांश मिलिमीटरनी आखूड आहे आणि त्याने त्याविरुद्ध कधी अर्ज केला नाही.

आई पुढच्या वर्षी आली, नऊवारीतच. तिच्या न्हाणीघरात धरायला कठडा बसवायचा होता. श्रीरामने टेटकडून पिवळी टेप मागून आणली, माप घेतले, आणि भोके पाडण्यापूर्वी अर्धा इंच जास्त सोडला.