ठमाबाईची डबी

थळच्या कोळीवाड्यात ठमाबाईला दुखणं ठाऊक नव्हतं. साठी उलटली तरी मासळीची पाटी डोक्यावर घेऊन ती अलिबागच्या बाजाराला चालत जायची. परत आली की रात्रभर पाण्यात मुरलेला आंबूस भात सुक्या बोंबलाबरोबर अशी जेवायची, की बघणाऱ्यालाही भूक लागावी.

शेजारच्या गोदूचं उलटं होतं. लग्न होऊन आली तेव्हा चांगली भरल्या अंगाची पोर. दोन वर्षांत नुसती हाडं उरली. खाल्लेलं अंगाला लागेना. दिवसातून पाच-सहा वेळा पोट धरून किनाऱ्याकडे धावायची. जीभ लालबुंद झालेली, तिखटाचा कण सोसवेना. सासूनं अंगारे-धुपारे केले, उतारे टाकले. ठमाबाई रोज तिच्या दारात डोकावून विचारायची, "काय गो, आज पोटात काय रायलं?" गोदू मान हलवायची. ठमाबाईच्या जिवाला ते लागून राहायचं, कारण गोदूचं लग्न तिनंच जमवलं होतं.

एकसष्ट सालच्या थंडीत मुंबईच्या एका इस्पितळातून डॉक्टर कोकिळा गुप्ते कोळीवाड्यात आल्या. तिशीच्या असतील, अंगावर सुती पातळ, पायांत चामड्याच्या वहाणा. त्यांनी घरोघर पत्र्याच्या लहान डब्या वाटल्या आणि खाली मान न घालता सांगितलं, "परसाकडचं थोडंसं यात घालून द्या. तपासायचं आहे."

अर्धा वाडा हसून लोळला, अर्धा रागावला. दुसऱ्या दिवशी डब्या परत आल्या त्या अशा: एकीत बकरीच्या लेंड्या, एकीत ओली रेती, एकीत जवळा. खरी निघाली ती एकट्या गोदूची. डॉक्टरीणबाई ठमाबाईच्या ओट्यावर येऊन टेकल्या. ठमाबाईनं पाणी दिलं.

"गोदूचं मिळालं ना? मंग झालं तुझं काम," ती म्हणाली.

"नाही झालं. बिघडलेल्या पोटात काय आहे ते कळेल. पण धड पोटात काय असतं ते बघितल्याशिवाय बिघडलंय काय ते कसं ओळखू? आपल्या सगळ्यांच्या पोटात जंतू राहतात, ठमाबाई. कोट्यवधी."

"मना जंत न्हाईत!" ठमाबाई ताडकन म्हणाली.

"जंत नव्हे हो, जंतू. डोळ्यांना न दिसणारे. सगळेच काही वाईट नसतात. तुमचा भात रात्रीत आंबतो, तो असल्याच जंतूंमुळे. पोटातले काही अन्न पचवायला हातभार लावतात, काही जीवनसत्त्वं बनवतात, काही वाईट जंतूंना जागा मिळू देत नाहीत. पण त्यांची घडी मोडली की माणूस खचतो."

ठमाबाईनं पोटावर हात ठेवला. इतकी वर्षं आपण आपल्या एकटीपुरतंच जेवतो असं तिला वाटत होतं.

"माझं नेलंस तर गोदूला गुण येल?"

"लगेच येईल असं खोटं नाही सांगणार. पण तिचा आजार समजायला मदत होईल."

"मंग दे इकडं डबी."

डबी भरल्या दिवशीच, बर्फात मुंबईला पोचायला हवी होती. ठमाबाईचा मुलगा गुणाजी मचवा हाकणारा तांडेल. दुसऱ्या सकाळी तो पापलेट घेऊन मुंबईच्या धक्क्याला निघाला होता. पाण्यात गुडघाभर उतरून ठमाबाईनं कापडात गुंडाळलेली डबी त्याच्या हाती दिली.

"आये, ह्यात काय हाय?"

"माझ्या पोटातली मानसं. बर्फात ठेव, पन पापलेटापासून लांब!"

गुणाजी कानापर्यंत लाल झाला. खलाशी मात्र मुंबई येईपर्यंत हसत होते. संध्याकाळपर्यंत गोष्ट वाड्यात पसरली. बाजारातही बायका विचारायला लागल्या, "ठमाबाय, तुझा माल पोचला का गो?"

"पोचला," ती ठणकावून सांगायची. "तुमचा कुनी मागितला न्हाय अजून, म्हनून जळताव."

हसता हसता लोकांची लाज मोडली. पंधरा दिवसांत डॉक्टरीणबाईंना अकरा डब्या मिळाल्या, आणि या खेपेला एकीतही बकरी नव्हती.

जानेवारीत गोदूला मुंबईला नेलं. तिथं तिला रबराची बारीक नळी गिळायला लावून आतड्याच्या वरच्या भागातलं पाणी काढलं. महिनाभर जंतू मारणाऱ्या कॅप्सूल आणि जीवनसत्त्वाच्या पिवळ्या गोळ्या चालल्या. फेब्रुवारीत ती परत आली ती स्वतःच्या पायांनी मचव्यातून उतरून. जिभेची लाली गेली होती. दुसऱ्या दिवशी तिनं कालवणात मिरची कमी पडली म्हणून सासूशी वाद घातला, आणि सासू आनंदानं रडली.

डॉक्टरीणबाई सूक्ष्मदर्शक घेऊन आल्या आणि शाळेच्या ओसरीत मांडून बसल्या. ठमाबाईनं एक डोळा मिटून नळीत बघितलं. जांभळ्या रंगाचे ठिपके, काड्या, साखळ्या; जत्रेत उभं राहायला जागा नसावी तशी दाटी.

"ह्ये सगळे माझे?"

"तुमचेच. गोदूच्या पोटात अशी दाटी भलत्याच जागी झाली होती, वरच्या आतड्यात. तिचं अन्न तेच खात होते, असं आम्हाला वाटतं. अजून पुरतं कळलेलं नाही."

ठमाबाईनं दुसरा डोळा लावून बघितलं. मग म्हणाली, "माझे एवढे चांगले, तर थोडे दुसऱ्या आजारी मानसाला देता येत न्हाईत?"

डॉक्टरीणबाई हसल्या आणि मग हसायच्या थांबल्या. "अमेरिकेत कुणीतरी तसं करून पाहिल्याचं वाचलंय मी. पण इथं मी तोंडातून काढलं, तर मला इस्पितळातून घालवतील."

"घालवलं तर इकडं ये. माझी ना न्हाय."

शिमग्याला डॉक्टरीणबाई गोदूचं वजन घ्यायला आल्या, पण गोदू जागेवर सापडेना. होळीभोवती फेर धरणाऱ्या बायकांत ती सगळ्यात पुढं होती, केसांत अबोली, घामानं निथळलेली. शेवटी वजनाचा काटा ओट्यावरच राहिला आणि ठमाबाईनं पाहुणीला हाताला धरून पानावर बसवलं. कोलंबीचं कालवण झणझणीत होतं. डॉक्टरीणबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं, नाक पुसायला पदर लागला, तरी त्यांनी दोनदा भात मागून घेतला.