एक्स-रे खोलीतल्या मावशी

"खोकलो किती दिस?" पेशंट दारात आला की मावशी आधी हेच विचारायच्या, आणि उत्तर ऐकता ऐकता त्याच्या शर्टाचं वरचं बटण स्वतःच सोडवायच्या.

परळच्या एका इस्पितळात मी एक्स-रे काढायचो, त्या पेशंट आत आणायच्या. मूळच्या मालवणकडच्या, राहायला लालबागच्या चाळीत. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. इस्पितळातल्या मावशी तुम्ही पाहिल्या असतील, पेशंटवर खेकसणाऱ्या. आमच्या मावशी आमच्यावर खेकसायच्या.

छातीच्या फोटोसाठी एचआयव्हीचे पेशंटही यायचे. त्यातल्या एका तरुण बाईनं गोळ्या सोडल्याचं कळलं, तेव्हा मावशींनी तिला बाकावर बसवून सुनावलं, "लोकांक भिऊन औषध सोडतस? श्वास काय लोक देतले?"

आठ वर्षं आम्ही एकत्र डबा खाल्ला.

गेल्या वर्षी त्यांची चाळ पाडायला घेतली. मावशी कॉटन ग्रीनला लेकीच्या सासरी राहायला गेल्या. हळूहळू वाळत गेल्या, जिन्यात मध्येच थांबू लागल्या. "फोटो काढू का?" मी विचारलं.

"गुडघे धरलेत रे. फोटो कसलो?"

मग एका सकाळी त्यांनाच स्ट्रेचरवर आणलं, नाकाला ऑक्सिजन लावून. चिठ्ठी मी दोनदा वाचली. एचआयव्ही, अकरा वर्षांपासून. औषध दुसऱ्या इस्पितळातून चालू होतं, वर्षभर बंद. फोटोत दोन्ही फुप्फुसं धुरकट, काचेवर वाफ धरावी तशी. प्रतिकारशक्ती ढासळली की असा न्यूमोनिया होतो, डॉक्टर म्हणाले.

"मावशी, गोळ्या का सोडल्या?"

"एका खोलीत सहा माणसां. डबी खंय लपवतलंय? लेकीचो संसार मोडलो असतो."

"माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवायच्या होत्या."

दम घेत त्या म्हणाल्या, "मगे तुका सांगूचा लागला असता."

चिठ्ठीवर एचआयव्ही दिसलं की मी हातमोज्यांचे दोन जोड चढवायचो, पेशंट गेल्यावर प्लेट स्पिरिटनं दोनदा पुसायचो. त्याची काही गरज नव्हती, आणि ते मला ठाऊकही होतं. स्पिरिटचा बोळा मावशीच भिजवून हातात द्यायच्या.

चौथ्या दिवशी त्या गेल्या.

लेक त्यांचं सामान न्यायला आली. आईची साडी घडी करताना तिनं विचारलं, "काका, नक्की काय झालं होतं आईला?"

"न्यूमोनिया," मी म्हटलं.

"दम लागतोय एवढं तरी सांगायचं ना. आम्ही काय परके होतो?"

मी तिची पिशवी उचलली आणि गेटपर्यंत नेऊन दिली.