आज कोण भांडलं?

"भांडा की शेठ, पण आधी चहा," असं म्हणत आमचे मॅनेजरसाहेब खुर्चीतून उठायचे. तसे ते बसलेले कमीच दिसत.

लातूरच्या आमच्या दालमिल मालकांच्या संघटनेत ते पगारी व्यवस्थापक आणि मी त्यांच्या हाताखाली. त्याआधी त्यांनी अहमदपूरला किराणावाल्यांची संघटना सांभाळली, मग उदगीरला ट्रकवाल्यांची. सभा भरवायच्या, सभासदांची मर्जी राखायची आणि जरा जम बसला की गाव बदलायचं. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेलच.

दोन सभासद हमरीतुमरीवर आले की साहेब दोघांत एकच चहा मागवायचे. एकाला कप, दुसऱ्याला बशी. आता कप कोणी घ्यायचा? "तुम्ही घ्या." "छे, तुम्ही मोठे." या आग्रहात भांडण निम्मं व्हायचं. मला फार हसू यायचं.

पण एक दिवस साहेबच वैतागले. "बेजार झालो मॅडम. लई भांडतेत हे लोक. नांदेडला डॉक्टरांची संघटना हाय. शिकलेली माणसं. जातो."

गेले. त्यांची जागा मला मिळाली. त्या पगारावर माझं घर चालतं, हेही सांगून टाकते.

आठवडाभरात फोन. "मॅडम, आज कोण भांडलं?"

नांदेडच्या ऑफिसात कोणी फिरकतच नव्हतं. सगळा कारभार मोबाईलवर. एकदा दोन डॉक्टर तिथंच तावातावाने बोलू लागले, तेव्हा साहेबांनी आनंदाने एक चहा मागवला. "एकानं शुगर सांगितली, दुसऱ्यानं जंतू," ते म्हणाले. "चहा मीच पिलो. करमून न्हाई राहिलं, मॅडम."

मग रोज संध्याकाळी फोन. आमच्याकडे शांतता असली तर मी एखादं भांडण रचून सांगायची. त्यांना परत यायचं होतं, मला कळत होतं. पण जागा एकच, आणि तिथं मी. ते कधी बोलले नाहीत. मीही विषय काढला नाही.

परवा वार्षिक सभेत पहिला सत्कार कोणाचा, यावरून खरंच जुंपली. नेमका तेव्हाच त्यांचा फोन आला. "ऐका," म्हणत मी तो स्पीकरवर टाकला. पलीकडून त्यांचं हसू ऐकू आलं. अध्यक्षांनी ते ओळखलं आणि फोन ओढून घेतला.

"मॅनेजरसाहेब, या हो परत! तुमच्याबिगर कोणी ऐकत न्हाई इथं."

मी फोन परत घ्यायला हात पुढे केला.

"काय बोलून राहिले शेठ?" साहेब म्हणाले. "मॅडम हायत की तिथं. त्यांचं ऐका."

फोन बंद झाला. मला हायसं वाटलं आणि लगेच रडू आलं.

तेव्हापासून त्यांचा फोन येत नाही. मी लावला की घाईघाईने म्हणतात, "मीटिंगमध्ये हाय, मॅडम." त्या रिकाम्या ऑफिसात कसली मीटिंग? मी "बरं" म्हणते आणि फोन ठेवते.